घरांचे संग्रहालय : स्कान्सेन

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढे सनदा, महजर, ताम्रपट, नाणी, तोफा आणि मूर्ती एवढ्याच वस्तू उभ्या राहतात. त्यांचे मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु ज्या घरात मनुष्य जन्मला, ज्या चुलीपाशी वाढला आणि ज्या उंबरठ्यावरून त्याची शेवटची यात्रा निघाली, ते घर हेही इतिहासाचे एक साधन आहे, ही गोष्ट आपल्या मनात सहसा येत नाही. राजवाडा पडला तर वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त होते. कुंभाराचे घर पडले तर त्याच जागी दुसरे उभे राहते आणि पूर्वीच्या घराची आठवण म्हातारी माणसे असतील तेवढीच वर्षे टिकते. ही सामान्यांची घरे मुळासकट उचलून एके ठिकाणी आणावी, तेथे ती आतल्या भांड्याकुंड्यांसह पुन्हा उभी करावी आणि लोकांस त्यांच्यामधून हिंडू द्यावे, ही कल्पना युरोपच्या उत्तरेस गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात निघाली. तिचे सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे स्वीडनच्या राजधानीतील स्कान्सेन हे संग्रहालय होय. ते पाहण्याचा योग आम्हांस आला. त्या निमित्ताने मनात आलेले काही विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्टॉकहोम नगर बेटाबेटांवर वसलेले आहे. त्यांपैकी यूरगोर्डेन नावाच्या बेटावरील एका टेकडीवर हे संग्रहालय पसरले आहे. या टेकडीवर पूर्वी एक लहानशी गढी होती. स्वीडिश भाषेत अशा गढीस ‘स्कान्स’ म्हणतात, त्यावरून जागेस स्कान्सेन हे नाव पडले. नामाचा प्रवासही मोठा गमतीचा आहे. १८९१ साली ११ ऑक्टोबर रोजी हे स्थान लोकांस खुले झाले. पुढे युरोपात अशा प्रकारची संग्रहालये इतकी निघाली की, पोलिश, चेक आणि हंगेरियन भाषांत ‘स्कान्सेन’ हा शब्द कोणत्याही उघड्यावरील संग्रहालयाचे सामान्यनाम होऊन बसला. एका टेकडीवरील गढीचे नाव परक्या भाषांच्या कोशांत जाऊन बसावे, यावरून त्या कल्पनेचा प्रभाव किती होता ते कळते.

आत गेल्यावर प्रथम जाणवते ते हे की, येथे काचेची कपाटे नाहीत. टेकडीच्या चढउतारावर सुमारे दीडशे इमारती विखुरलेल्या आहेत आणि त्यांच्यामधून पाऊलवाटा, कुंपणे, भाजीचे वाफे आणि गुरांचे गोठे आहेत. दालार्ना प्रांतातील मोरा गावचे घर हे या वसाहतीतील पहिले घर. ते अखंड ओंडक्यांचे आहे. आत एकच मोठी खोली, कोपऱ्यात उघडी भट्टी, भिंतीलगत जखडलेले बाक, लांब मेज आणि भिंतीतच बसविलेले पलंग. दक्षिणेकडील हालांद प्रांतातून १८९६ साली आणलेल्या ऊक्तोर्पच्या शेतकऱ्याच्या घरात मधल्या दालनास माळा नाही. वर पाहिले की थेट आढे दिसते आणि उजेड छपरातील झरोक्यातून खाली येतो. उत्तरेकडील हेर्येदालेनच्या घरांची रीत निराळी. तेथे एका छपराखाली सारे न कोंबता राहण्याचे घर निराळे, धान्याचे कोठार निराळे, तबेला निराळा आणि गोठा निराळा, अशी लहानमोठी घरे अंगणाभोवती मांडलेली आहेत. प्रत्येक घरात त्या त्या प्रांताचा जुना वेष केलेली मनुष्ये असतात. कोणी चरख्यावर लोकर काततो, कोणी भाकरी भाजतो आणि विचारले तर सविस्तर माहिती सांगतो. आमच्या मंडळींस त्या भाकरीचे मोठे कौतुक वाटले. आडव्या काठीत ओवून छतापाशी टांगलेल्या त्या चकत्या पाहून आपल्या शिंक्याची आठवण कोणास होणार नाही?

हे सारे ज्या गृहस्थाच्या हट्टाने उभे राहिले, तो आर्तुर हासेलियुस (१८३३–१९०१) पुराणवस्तुशास्त्रज्ञ नव्हता, तर भाषेचा शिक्षक होता. स्टॉकहोम येथे शिक्षिकांस शिकविणाऱ्या विद्यालयात त्याने काही वर्षे अध्यापन केले. शुद्धलेखनाच्या सुधारणेसाठी १८६९ साली उत्तरेकडील राष्ट्रांची जी परिषद भरली, तीत तो अग्रभागी होता. त्याच्या लेखनसुधारणा त्या वेळी विद्वानांस रुचल्या नाहीत. १९०६ साली स्वीडनने शुद्धलेखन बदलले तेव्हा तो मरून पाच वर्षे झाली होती. हा मनुष्य १८७२ साली पत्नीसह दालार्ना प्रांतात प्रवासास गेला असता त्यास असे दिसले की, तेथील स्त्रिया आपले परंपरागत कपडे टाकून शहरी कापड वापरू लागल्या आहेत आणि जुने सामान मातीमोलाने जात आहे. त्याने एक लोकरी घागरा विकत घेतला. त्याच्या अफाट संग्रहाचा आरंभ या घागऱ्यापासून झाला असे सांगतात. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, त्याने राजधानीत आपला संग्रह लोकांस दाखविण्यास प्रारंभ केला आणि १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात माणसांच्या पुतळ्यांस खरे कपडे घालून उभे केलेले त्याचे घरगुती देखावे पाहण्यास लोकांची झुंबड उडाली.

परंतु पुतळ्यांनी त्याचे समाधान होईना. कपडा खरा, पाळणा खरा, पण घर मात्र तीन भिंतींचे आणि रंगविलेले. चौथी भिंत कोठून आणावी? या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्याने अखेर घरेच आणली. या कामी त्याच्यापुढे एक उदाहरण होते. त्या काळी स्वीडन व नॉर्वे यांचा राजा एकच असे. दुसरा ऑस्कर या राजाने १८८१ पासून ऑस्लोजवळील बिग्दय येथे गोल गावचे मध्ययुगीन लाकडी देऊळ व काही जुनी घरे आणून ठेवण्यास आरंभ केला होता. नॉर्वेमध्येच लिलेहामर या लहानशा नगरात आंदेर्स सांद्विग नावाचा दंतवैद्य होता. गुदब्रान्सदाल खोऱ्यात रोग्यांचे दात पाहत हिंडताना तो जुन्या वस्तू गोळा करू लागला, मग घरे आणू लागला. त्याचा संग्रह १९०४ साली मैहाउगेन येथे नांदू लागला आणि आज ते एका खोऱ्याचा सगळा संसार सांगणारे प्रादेशिक संग्रहालय झाले आहे. राजा, शिक्षक आणि दंतवैद्य या तिघांच्या हातून एकाच जातीचे काम एकाच काळात व्हावे, याचा अर्थ ती कल्पना त्या देशांच्या हवेतच होती, असा करावा लागतो.

ती तेथेच का सुचली, याचे एक कारण अगदी साधे आणि सुतारकामाचे आहे. उत्तरेकडील घर म्हणजे आडव्या ओंडक्यांची चळत. कोपऱ्यावर ओंडक्यांस खाचा पाडून ते एकमेकांत बसवितात आणि फटींत शेवाळ भरतात. छपरावर भूर्जवृक्षाची साल अंथरून तीवर गवताळ मातीचे थर ठेवीत. ज्या भूर्जपत्रावर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या, त्याच जातीच्या सालीने तेथे पाऊस अडविला! असे घर हलविणे कठीण नसते. प्रत्येक ओंडक्यावर आकडा घालावा, घर वरून खाली सोडवावे, गाडीवर घालावे आणि नव्या जागी आकड्यांच्या क्रमाने खालून वर रचावे. संग्रहालये निघण्याच्या किती तरी आधीपासून तेथील शेतकरी आपली घरे अशी हलवीत आले होते. चुनादगडाच्या किंवा पांढऱ्या मातीच्या घरास हा उपाय लागू पडत नाही. शनिवारवाड्याचेच पाहा. १८२८ च्या आगीत लाकडी महाल गेले आणि तट व जोती तेवढी उरली. जे हलविता येण्याजोगे होते तेच जळून गेले.

दुसरे कारण मात्र सुताराचे नसून राज्यकर्त्यांचे व व्यापाऱ्यांचे आहे. स्कान्सेन निघाले तेव्हा स्वीडनमधील जुने गाव जवळजवळ मोडले होते. शेतकऱ्यांच्या जमिनी चिंधीचिंधीने विखुरलेल्या असत. त्या एकत्र करण्यासाठी तेथे एकामागून एक कायदे झाले आणि त्यांतील १८२७ चा कायदा सर्वांत दूरगामी ठरला. आपल्याकडे १९४७ साली मुंबई इलाख्यात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला, त्याच्यासारखाच तो, असे वाचकांस वाटेल. परंतु आपल्याकडे घरे जागच्या जागी राहिली. तेथे ज्याला जेथे जमीन मिळाली तेथे त्याने आपले घर उचलून न्यावे, असे झाले. शतकानुशतके भिंतीस भिंत लावून राहिलेली कुटुंबे दूरदूर पांगली. उत्पन्न वाढले, शेजार गेला. त्यानंतर आगगाडी आली, लाकडाच्या गिरण्या आल्या, १८६७ ते १८६९ या वर्षांत दुष्काळ पडला आणि माणसे अमेरिकेची वाट धरू लागली. १८५० पासून पुढील ऐंशी वर्षांत बारा लाखांहून अधिक स्वीडिश लोक देश सोडून गेले. १८५० मध्ये त्या देशाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे भय कळते. ओस पडलेली घरे स्वस्तात मिळत होती, ती या कारणाने. जी आगगाडी माणसांस बंदरावर पोहोचवीत होती, तीच त्यांच्या घरांचे ओंडके राजधानीस आणीत होती.

म्हणून स्कान्सेनची टेकडी चढताना आनंदाबरोबर एक बारीकशी खंतही मनात राहते. तेथे घरे आहेत, पण गाव नाही. हालांदचा शेतकरी आणि हेर्येदालेनचा शेतकरी यांच्यामध्ये प्रत्यक्षात शेकडो मैलांचे अंतर होते. एकाची बोली दुसऱ्यास नीट समजलीही नसती. टेकडीवर ते शेजारी झाले आहेत. सेग्लोराचे लाकडी देऊळ १७३० च्या सुमारास वेस्तरयोत्लांदमध्ये बांधले गेले. गावकऱ्यांनी नवे देऊळ बांधल्यावर जुने ओस पडले आणि १९१६ साली ते येथे आणण्यात आले. आज तेथे लग्ने लागतात, परंतु वधूवरे असतात राजधानीची. फालूनच्या तांब्याच्या खाणीतील मातीचा तांबडा रंग दिलेल्या त्या भिंती उन्हात इतक्या प्रसन्न दिसतात की, या भिंतींच्या आत कर्ज होते, पोरांची मरणे होती, काळोखाचे सहा महिने होते, हे पाहणाऱ्यास मुद्दाम आठवावे लागते. संग्रहालयातील गावात कधी सावकार येत नाही. तेथे चूल रोज पेटते आणि भांडण कधी होत नाही. भूतकाळ असा धुऊन पुसून ठेवला म्हणजे तो भूतकाळ न राहता वर्तमानकाळाचे एक सुखस्वप्न होतो, हा या पद्धतीचा मोठा धोका आहे.

हासेलियुसच्या संग्रहालयाचे बोधवाक्य ‘स्वतःस ओळख’ असे होते. ग्रीकांचे हे वचन त्याने राष्ट्रास लावले. आपण कोण आहो हे कळण्यासाठी आपल्या आजोबांच्या ओसरीवर जाऊन बसावे, हा त्याचा आशय. परंतु ‘आपण’ या शब्दात कोण कोण येते, हा प्रश्न वचनाने सुटत नाही. तो कोणाची घरे आणावयाची हे ठरविताना सुटतो. आरंभीच्या काळात टेकडीवर आली ती मुख्यतः स्वतःची जमीन असलेल्या शेतकऱ्यांची घरे. स्कूगाहोल्म येथील सरदारी वाडा १९३० च्या सुमारास आला. त्या वाड्यासारख्या मोठ्या जमीनदाऱ्यांवर राबणारे जे लोक होते, त्यांचे काय?

या लोकांस स्तातारे म्हणत. आपल्याकडील सालगडी ज्यास ठाऊक आहे, त्यास त्यांची स्थिती समजावून सांगावयास नको. कुटुंबवत्सल मजुराने वर्षाचा करार करावा, मजुरीचा बराचसा भाग धान्य, दूध व सरपण या रूपाने घ्यावा, मालकाच्या चाळवजा घरात राहावे आणि पटले नाही तर ऑक्टोबरच्या अखेरीस बिऱ्हाड गाडीवर घालून दुसऱ्या मालकाच्या दारी जावे. नवऱ्याच्या कराराबरोबर बायकोवरही मालकाच्या गाई दोहण्याचे काम पडे. त्या कामास लोक ‘पांढरा चाबूक’ म्हणत. आपल्याकडे हा करार पाडव्यास सुरू होतो, तेथे तो पानगळीच्या दिवसांत सुरू होई, एवढाच भेद. अशा कुटुंबात १९०१ साली जन्मलेल्या इवार लू-योहान्सन या लेखकाने १९३६ पासून या लोकांच्या कथा लिहिल्या आणि वाचणारे स्वीडन अस्वस्थ झाले. १९४५ साली ही पद्धत बंद झाली. आणि १९६८ साली, म्हणजे स्कान्सेन निघाल्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी, सेदेर्मान्लांद प्रांतातील स्ताताऱ्यांची एक चाळ या टेकडीवर येऊन उभी राहिली.

आम्हांस स्कान्सेनमध्ये सर्वांत मोलाची इमारत कोणती वाटली असे कोणी विचारील, तर आम्ही या चाळीकडे बोट दाखवू. तीत नक्षीकाम नाही, रंगीत भिंती नाहीत. एकापुढे एक बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येकात एका कुटुंबाचा सारा संसार मावलेला आहे. वाड्याच्या दिवाणखान्यातून येथे आले म्हणजे दिवाणखान्याचा खर्च कोणी चालविला हे न सांगता कळते. सामी लोकांची गोष्टही विचार करावयास लावणारी आहे. रेनडिअर पाळणाऱ्या या लोकांचा तळ स्कान्सेनमध्ये पहिल्यापासूनच होता. परंतु प्रारंभीच्या काळात त्यांची कुटुंबे स्वतःच तेथे राहत आणि राजधानीतील लोक त्यांस पाहण्यास येत. शेतकऱ्याचे घर पाहावयाचे आणि सामी माणूसच पाहावयाचा, हा फरक त्या वेळच्या प्रेक्षकांच्या ध्यानात कितपत आला असेल, कोण जाणे. आजच्या प्रेक्षकाच्या ध्यानात तो आल्यावाचून राहू नये.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्रात हासेलियुसचा सगोत्र कोणी झाला असेल तर तो दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०). ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमविण्यास आरंभ केला, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे नाव संग्रहालयास दिले आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, दौती आणि पेट्या या बायाबापड्यांच्या रोजच्या हातातील वस्तूंस त्यांनी इतिहासाचा मान दिला. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे भाग आणून त्यांनी आपल्या संग्रहालयात महाल पुन्हा उभारला, म्हणजे वास्तू हलविण्याचा प्रयोगही आपल्याकडे झालेला आहे. मातीच्या घरांचा प्रश्न भोपाळच्या मानव संग्रहालयाने निराळ्या रीतीने सोडविला. तेथे श्यामला टेकडीवर आदिवासींची जी घरे आहेत, ती बांधण्यास त्या त्या जमातीच्या माणसांसच बोलाविण्यात आले. भिंत हलविता येत नसेल तर भिंत घालणारा हात आणावा, ही युक्ती आम्हांस फार मार्मिक वाटते. घर जीर्ण झाले तरी विद्या जिवंत राहते. शिवाय त्या घराविषयी काय सांगावे हे घरवाल्यानेच ठरवावे, हा न्यायही तीत आहे.

आणि शब्दांचे संग्रहालय तर आपल्यापाशी १९१५ पासूनच आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ म्हणजे बलुतेदार, कुणबी, फिरस्ते आणि वतनदार यांच्या व्यवहाराची बारकाईने केलेली मांडणी होय. जो गाव टेकडीवर उभा करता येत नाही, त्याचे देणेघेणे पुस्तकात मांडता येते, हे त्या ग्रंथावरून दिसते. उद्या महाराष्ट्रात कोणी घरांचे गाव उभारावयास घेतले, तर पाटलाचा चौसोपी वाडा, जोशीबुवांची ओसरी आणि कासाराचे दुकान यांची निवड करणे सोपे आहे. परंतु गावकुसाबाहेरची घरे त्या गावात कोठे बांधावयाची, विहीर एक दाखवावयाची की दोन, आणि दुसऱ्या विहिरीचे कारण पाहुण्यास कोणत्या शब्दांत सांगावयाचे, या प्रश्नांची उत्तरे आराखड्याच्या आधी दिली पाहिजेत. स्वीडनला स्ताताऱ्यांची चाळ आणावयास सत्त्याहत्तर वर्षे लागली. तितका विलंब आपण लावला तर तोवर ती घरे पाहिलेले कोणी उरणार नाही, आणि ज्यांची ती घरे, त्यांस पुन्हा एकदा गावाबाहेर ठेवल्याचे पाप मात्र पदरी पडेल.

तोवर प्रत्येक कुटुंबाच्या हाती एक काम आहे, त्यास टेकडी लागत नाही की सरकार लागत नाही. हासेलियुस भाषेचा माणूस होता आणि वस्तूबरोबर तिच्या उपयोगाची हकीकत टिपून ठेवावी, हे त्याच्या कामाचे मर्म होते. आपल्याकडे जुने घर पाडून इमारत उभारावयाची वेळ आता घरोघर येते; ती टाळा असे सांगण्याचा अधिकार ज्यास त्या घरात राहावयाचे नाही त्यास नाही. परंतु घर पाडण्याआधी त्याची मापे घ्यावी, आकृती काढावी, छायाचित्रे घ्यावी आणि घरातील वडीलधाऱ्यांस बसवून प्रत्येक भागाचे नाव विचारून लिहून घ्यावे. सोपा, माजघर, परसू, देवळी, फडताळ, बळद, कडीपाट, लगी, अडसर, उतरंड ही नावे ज्या वस्तूंची आहेत त्या वस्तू गेल्या की नावेही फार दिवस टिकत नाहीत. त्याचबरोबर त्या घराचे जोते कोणी बांधले, अंगण कोण सारवी, मागच्या दाराने कोण येई आणि पुढच्या दाराने कोणास येता येत नसे, हेही लिहावे. असे चार पानांचे टिपण शंभर घरांतून झाले, तर पुढे घरांचे गाव उभारणाऱ्या मनुष्यास ओंडक्यांवर घालावयाचे आकडे आयतेच मिळतील.